रुग्ण सहभाग कक्षाचा सोफा

माझ्या उजव्या हाताची बोटं आज मिटतात, त्याचं श्रेय आधी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या, पोवार समाजातल्या एका बाईंना. मग फिजिओथेरपीच्या मॅडमना. मग ज्या डॉक्टरांनी माझ्या तळहातातल्या तुटलेल्या दोऱ्या जोडल्या त्यांना. त्यांचं काम खरं तर सगळ्यांत मोठं, पण ते त्यांनाही ठाऊक आहे आणि त्यांचे आभार मानणारे पुष्कळ आहेत. बाईंचे मानणारा मी एकटा, म्हणून त्या पहिल्या. त्यांचं नाव लिहीत नाही, ते त्यांना चालायचं नाही. "पेपरात नाव आलं का लोकाईले वाटते मानूस मेला, नाई तं पकडला," असं त्या म्हणतात. मी त्यांना मावशी म्हणतो, तेच इथे लिहितो.

बाकी ज्यांनी या सगळ्याचं श्रेय घेतलं, त्यांना मी ओळीत उभं करत नाही. ते आपले आपण पुढे जाऊन उभे राहिलेले आहेत, फोटोत.

मी सांगोल्याकडचा. आठवीत शाळा सुटली. ट्रकवर क्लीनर म्हणून घर सोडलं आणि सडक अर्जुनीला हायवेवरच्या एका ढाब्यावर उतरलो, तो तिथलाच झालो. आधी भांडी घासली, मग कांदे चिरले, मग मालकाने तंदूर हातात दिला. रायपूरकडे जाणारे ड्रायव्हर माझ्या रोटीसाठी थांबतात असं मालक म्हणायचा, पगारवाढीचा विषय निघाला नसेल तेव्हा.

त्या उन्हाळ्यात लोणच्याची काचेची बरणी उचलताना हातातच फुटली. रक्ताचं मला फार वाटलं नाही, भाजण्या-कापण्याची सवय असते. पण टॉवेल सोडला आणि बोटं मिटायला गेलो तर मधली तीन बोटं तशीच सरळ. मी सांगतोय आणि ती ऐकत नाहीत. तसली भीती मला कधी वाटली नव्हती.

मालकाने गाडीत घालून गोंदियाला नेलं, एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात. सरकारी योजनेत ऑपरेशन मोफत झालं. डॉक्टर म्हणाले, बोटं ओढणाऱ्या दोऱ्या तुटल्या होत्या, जोडल्या आहेत, आता निम्मं काम व्यायामाचं. मालक भेटायला आला, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवला आणि म्हणाला, "हात बरा झाला तो तंदूर तेराच. नाही झाला तर मी काय करू, तूच सांग. एक हात का आदमी भट्टीवर कसा ठेवू?" त्याचं चुकलं असं मला वाटलं नाही. आईला मी फोनवर हात थोडा भाजलाय एवढंच सांगितलं. ती ज्वारी निवडत होती, त्याचा आवाज येत होता.

फिजिओथेरपीचा हॉल हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला होता. उजेड भरपूर. भिंतीला खांद्याचं चाक, टेबलावर रबरी गोळे, लाकडाच्या खुंट्या, आणि कोपऱ्यात मेण वितळवायचं विजेचं भांडं. कोमट मेणात हात बुडवायचा, थर चढू द्यायचा, टॉवेलात गुंडाळून बसायचं. मग ते मेण सोलून काढलं की आखडलेलं बोट जरा मऊ पडतं, आणि त्याच वेळी मॅडम ते वाकवून घेतात. मॅडम गोंदियाच्याच, वयाने माझ्याएवढ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भैया, हे पुढचे काही हफ्ते गेले तो गेले. जखम आतून चिकटून बसते. मग मी काय, बडे डॉक्टरसुद्धा काही करू शकत नाहीत."

मी त्या दिवसापासून एकही फेरी चुकवली नाही. ढाब्याजवळच्या कोहमाऱ्याहून गोंदियाची एसटी पकडायची, एक हात गळ्यात, एक हात दांड्याला.

मावशी तिथेच भेटल्या. शेताच्या बांधावरून, त्यांच्या भाषेत धुऱ्यावरून, चालताना घसरून खाली भाताच्या बांधीत पडल्या होत्या, मनगट मोडलं होतं. नऊवारी नीट, केसाला तेल, हातात स्वतःचा टॉवेल. घरची धानाची शेती चांगली, पण रोवणी आली की गडीबायांबरोबर स्वतः चिखलात उतरणाऱ्या. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "काऊन गा, बायकोनं कापला का हात?"

"लग्न नाही झालं, मावशी."

"मंग बरं हाये. झालं असतं तं अख्खा कापला असता."

त्यानंतर आम्ही शेजारी बसायला लागलो. परतीची एसटीही एकच. त्या गोरेगावच्या पुढे उतरायच्या, मी शेवटपर्यंत.

आता हॉस्पिटलातल्या क्वालिटीवाल्या साहेबांविषयी.

त्यांचं खरं पद काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गळ्यात निळी पट्टी, अंगात बिनसुरकुतीचा शर्ट, आणि बोलणं असं की जणू समोर कायम माइक आहे. ते आजारी माणसाला आजारी म्हणत नसत. "भागीदार" म्हणत. एके दिवशी ते हॉलमध्ये आले आणि म्हणाले की आता हॉस्पिटलात मूल्याधारित आरोग्यसेवा येते आहे. म्हणजे आम्ही किती इंजेक्शनं दिली, किती ऑपरेशनं केली हे मोजायचं नाही. रुग्णाला स्वतःला जे महत्त्वाचं वाटतं, ते त्याला मिळालं का, हे मोजायचं. आणि ते कोण सांगणार? रुग्णच सांगणार.

मला हे मनापासून पटलं. आजही पटतं. एवढी चांगली गोष्ट एवढ्या रिकाम्या माणसाच्या तोंडात कशी आली, याचं नवल वाटतं.

रुग्णांचं मंडळ निवडलं गेलं. निवडलं म्हणजे साहेब हॉलभर फिरले आणि बोट दाखवत गेले. मला घेतलं, कारण मी तरुण, कामगार आणि बाहेरगावचा. तीन खाती एका माणसात भागली. मावशींना घेतलं, कारण त्या फोटोत चांगल्या दिसल्या असत्या. पलीकडे एक म्हातारा गोंड गडी होता, पक्षाघाताने एक अंग गेलेला, रोज नातवाच्या खांद्यावर येणारा. त्याच्यासमोर साहेब थांबले, हसले आणि पुढे गेले. त्याला नीट बोलता येत नव्हतं. भागीदाराला बोलता यायला हवं ना.

पहिली बैठक हॉलमध्येच झाली. साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या उपचारातून तुम्हाला नेमकं काय साध्य व्हायला हवंय? मोकळेपणाने बोला."

मी आयुष्यात पहिल्यांदा कुणा साहेबासमोर मोकळेपणाने बोललो. म्हणालो, "मला तंदूरची सळई धरता आली पाहिजे, साहेब. दोन सळया लागतात. एकीने रोटी सोडवायची, दुसरीने उचलायची. रोटी जळायच्या आत बाहेर आली पाहिजे. एवढं झालं की माझी नोकरी राहते."

"छान," साहेब म्हणाले. "अगदी नेमकं." शेजारची मुलगी लॅपटॉपवर लिहीत होती आणि ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटत होतं. मी मान वळवून वाचलं. खानपान सेवा, आणि त्यासमोर: रोट्या गरम व न जळलेल्या मिळाव्यात.

मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बोललो. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या, त्यांनी सावकाश वाचलं.

"यानं काय सांगतलं न तुमी काय लिवलं?"

"मावशी, प्रत्येक सूचना तिच्या तिच्या सदरात जाते."

"अस्सं. मंग माह्या मनगटाचं कोनत्या भाजीत जाते?"

लोक हसले. साहेबही हसले आणि मुलीला म्हणाले, "खेळीमेळीचं वातावरण, हे पण घे." मुलीने तेही लिहिलं.

पुढच्या आठवड्यात कँटीनच्या रोट्या चांदीच्या कागदात गुंडाळून यायला लागल्या. दारात फळा लागला: तुम्ही सांगितलंत, आम्ही केलं. खाली रोटीचं चित्र. माझ्या हाताच्या बदल्यात हॉस्पिटलने काय केलं असेल, तर रोटीचं चित्र छापलं. ऑपरेशन फुकट झालेला माणूस मी, तक्रार कुठल्या तोंडाने करू, म्हणून तो फळा वाचून मी खाली मान घालून आत जायचो.

त्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं होतं की प्लास्टिकच्या खुर्च्या टोचतात. हे मात्र साहेबांनी फार मनावर घेतलं. रुग्णांनी मत द्यायचं आणि ते टोचणाऱ्या खुर्चीवर बसून? रुग्णाच्या सन्मानाचं काय? त्यातून ठरलं की रुग्णांसाठी एक खास कक्ष करायचा. त्याला मोठी, उजेडाची खोली हवी. तशी खोली हॉस्पिटलात एकच होती.

एका सोमवारी आम्ही पोचलो तर हॉलच्या दारात रंगाचे डबे. खांद्याचं चाक काढून ठेवलेलं. मॅडम एक्स-रेच्या बाहेरच्या बोळात एका बाकावर रबरी गोळे मांडून बसल्या होत्या.

"आणि मेणाचं भांडं?" मी विचारलं.

"स्टोअर में. त्याला जाडा प्लग लागतो, बोळात तसा पॉईंट नाही."

"किती दिवस?"

मॅडमनी दाराकडे बघितलं. दारावर नवी पाटी आधीच लागली होती, आत रंग ओला असताना. रुग्ण सहभाग कक्ष.

म्हणजे बघा. हात बरे करायची खोली बंद केली, कशाला, तर हात बरे होतायत का हे विचारायला. हे करायला वाईट माणूस लागत नाही. साहेब वाईट नव्हतेच, ते बोळातून जाताना आम्हाला रोज नमस्कार करायचे. आपल्या डोळ्यांसमोर बाकावर माणूस कण्हतोय हे दिसत असूनही त्याच्या नावाच्या पाटीकडे कौतुकाने बघत जाता येणं, याला वेगळंच शिक्षण लागतं. माझं आठवीत सुटलं ते बरंच झालं.

बोळात लोकांची ये-जा. स्ट्रेचर आलं की आम्ही पाय वर घ्यायचो. मेणाशिवाय बोटं मऊ पडेनात. मॅडम दाबायच्या आणि मी दात खाऊन भिंतीकडे बघायचो. मधलं बोट वाकायचं, बाकीची दोन दिवसेंदिवस लाकडासारखी. एकदा चहाचा कागदी पेला उचलायला गेलो तर तो हातातून सुटून मांडीवर आला. भाजलं ते निराळं. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "भैया, ऐसे नहीं चलेगा. मी लिहून दिलं होतं वर. ते म्हणतात, उद्घाटन होऊ द्या."

उद्घाटनाला नागपूरहून पाहुणे यायचे होते, हॉस्पिटलला दर्जा देणाऱ्या कुठल्या तरी संस्थेचे. त्यांची तारीख दोनदा पुढे गेली. तोवर कक्षाला कुलूप. त्याच्या खिडकीतून आत एक मोहरीच्या रंगाचा सोफा दिसायचा, प्लास्टिकचं वेष्टण तसंच ठेवलेला.

एसटीत मी मावशींना म्हणालो, "ढाब्यावर आता साळ्याला बसवलंय मालकाने. तंदूर शिकतोय तो."

"मंग तू साहेबाले काऊन सांगत नाईस?"

"ऑपरेशन फुकट केलंय त्यांनी. उद्या म्हणाले, योजनेतून काढतो, तर?"

"ऑपरेशन सरकारनं केलं का त्या पट्टेवाल्यानं?"

"तरी पण."

"तू भेतेस लय," मावशी म्हणाल्या. "भे. भेतानी काम करता येते. मी पन बुढ्याले भेतभेत पुरा संसार केला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्या दिवशी तुहा टॉवेल घेऊन येजो. आनखी काई करू नको. टॉवेल आनजो फक्त."

उद्घाटनाच्या दिवशी मंडळाच्या गळ्यात नवी ओळखपत्रं घातली. सोफ्यावर आम्हाला बसवलं. प्लास्टिकवरून आम्ही हळूहळू खाली घसरत होतो आणि पुन्हा वर सरकत होतो. जिथे मेणाचं भांडं असायचं त्या कोपऱ्यात, त्याच जाड प्लगला, कॉफीचं मशीन लावलेलं. पाहुण्यांत एक वयस्क बाई होत्या, सगळे त्यांच्याकडे बघून बोलत होते. साहेबांनी पडद्यावर रोटीचं चित्र दाखवलं. रुग्णांच्या आवाजातून सुधारणा कशी घडते, ते समजावलं. मग म्हणाले, "आता आमच्या भागीदार मावशी दोन शब्द बोलतील."

मावशी उठल्या. माइककडे गेल्याच नाहीत. पाहुण्यांच्या टेबलावरचा फुलांचा गुच्छ बाजूला सरकवला, आपला टॉवेल पसरला, त्यावर मनगट ठेवलं आणि हात वर-खाली करायला लागल्या. मग मॅडमना म्हणाल्या, "बाई, मेनाचं भांडं आना."

मॅडमनी साहेबांकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, मग खिशातून स्टोअरची चावी काढली.

"तू काय बसून राहिला गा?" मावशी माझ्यावर. "ते मशीन काढ."

मी गेलो, डाव्या हाताने कॉफीच्या मशीनचा प्लग उपटला. बोळातून बाकीचे पेशंट दारात गोळा झाले होते, त्यांना मावशी म्हणाल्या, "या ना व, या ना गा. पाटीवर लिवलं हाये, आपलीच खोली हाये." एक एक करत ते आत आले. म्हाताऱ्या गोंड गड्याला नातवाने सोफ्यावर बसवलं आणि त्याचा लुळा हात आपल्या हातात घेऊन उचलायला लागला. कुणी रबरी गोळा दाबत होतं. कॉफीच्या मशीनशेजारी मेण वितळायला ठेवलं, त्याचा ओळखीचा वास पसरला. मी टॉवेल उलगडून बसलो.

पाहुण्या बाई उठून जवळ आल्या. "हे काय आहे?"

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण मानलं पाहिजे, एका श्वासात सावरले. "मॅडम, हे आमचं प्रात्यक्षिक. याच कक्षात उपचार आणि संवाद एकत्र. रुग्णांच्याच पुढाकाराने."

"वा," बाई म्हणाल्या. खरोखर आनंदल्या होत्या. "हे रोज असतं?"

साहेब उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मावशी मान वर न करता म्हणाल्या, "हाव. रोज असते. याच खोलीत, सकाऊन. लिवून घ्या." आणि साहेबांना विचारलं, "बराबर हाये ना साहेब?"

साहेब म्हणाले, "होय. रोज."

बाईंनी लिहून घेतलं. मी मेणात हात बुडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडा होता. उघडा ठेवणं भागच होतं, पाहुणे पुन्हा केव्हाही बघायला येणार होते. चाक भिंतीला परत लागलं. सोफा हलवला नाही, त्यावर आम्ही गळ्यातल्या पट्ट्या आणि पिशव्या टाकायचो. प्लास्टिक फाटलं, त्या मोहरीच्या रंगावर मेणाचे पांढरे डाग पडले. साहेब ते डाग पाहून कळवळायचे. आमचा एकही सांधा पाहून ते तसे कळवळलेले मला आठवत नाहीत.

पुढे ऐकलं की साहेबांनी नागपूरला जाऊन यावर भाषण दिलं. उपचार आणि संवाद एकत्र, ही कल्पना आमच्याकडे जन्मली, असं. भाषणात मेणात बुडवलेल्या हाताचा मोठा फोटो होता म्हणे. हात माझाच. खाली लिहिलेलं, समाधानी रुग्ण. मला कुणी विचारलं नव्हतं. हात सोडून बाकीचा मी फोटोत नव्हतो, हे त्यातल्या त्यात बरं. मावशींचा फोटो वापरला नाही. त्या सगळ्या फोटोंत साहेबांकडे बघताहेत, आणि ती नजर भाषणात दाखवण्यासारखी नाही.

माझं करंगळीशेजारचं बोट अजून पुरतं मिटत नाही. बोळातले ते दिवस त्याच्यात कायमचे बसलेत, मॅडमही तसंच म्हणाल्या. पण सळई धरता येते. दिवाळीनंतर मी ढाब्यावर गेलो, मालकाने साळ्याला बाजूला केलं आणि दोन्ही सळया माझ्या हातात दिल्या. पहिली रोटी निखाऱ्यात पडली. दुसरी निघाली. मालक म्हणाला, "चल, वो कोनेवाला टेबल, चार रोटी." आईला त्या दिवशी फोन करून खरं काय ते सांगितलं. ती रडली आणि मग बराच वेळ शिव्या दिल्या.

मावशी आता गुडघ्याने बेजार आहेत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. मुलगा हैदराबादेत, सुनेची नोकरी, नवरा म्हातारा, ऐकू न येणारा. मागच्या महिन्यात वाटेत त्यांच्या घरी उतरलो तर म्हणाल्या, "होईल तवा होईल. तथी बसाले मानूस पायजे, कोन बसते?"

अशा वेळी मला शब्द सुचत नाहीत आणि सुचले तरी मी घाबरतो. म्हणून लिहून ठेवतो. मावशी, तुम्ही ऑपरेशनचा दिवस ठरवा. मालकाशी माझं बोलणं झालंय, तो कुरकुरला पण हो म्हणाला. दवाखान्यात तुमच्या खाटेशी मी बसेन, पायाचा व्यायाम चुकू देणार नाही, आणि कुणी निळ्या पट्टीवाला तुम्हाला काय हवंय म्हणून विचारायला आला, तर तुम्हाला पुन्हा धुऱ्यावरून चालायचंय हे मी त्याच्या शेजारी उभा राहून, तो नीट लिहीपर्यंत सांगेन. तुमचे उपकार मी कधी ना कधी फेडीन, मावशी, आणि सुरुवात त्या दिवशी करीन.